बँक बुडते, कागद उरतो : आरंभीच्या अमेरिकी बँकांच्या भागपत्रांची कथा

१/
संग्राहकाच्या टेबलावर दोन जुनी भागपत्रे, म्हणजे शेअर सर्टिफिकेटे, शेजारी शेजारी ठेवली आहेत अशी कल्पना करावी. पहिल्यावर छिद्रे पाडलेली आहेत, सह्यांवर शाईच्या आडव्या रेघा मारलेल्या आहेत. दुसरे मात्र अगदी नितळ. ना छिद्र, ना रेघ. नवखा माणूस दुसऱ्या कागदाकडे बोट दाखवून म्हणेल की ही बँक भक्कम असणार. बहुतेक वेळा खरी गोष्ट नेमकी उलटी असते.

२/
कारण साधे आहे. भागपत्र हा केवळ पुरावा होता. खरी मालकी नोंदली जाई ती बँकेच्या वहीत. समभाग विकायचा झाला की जुने भागपत्र बँकेत जमा करावे लागे. कारकून ते छेद देऊन रद्द करी, पुष्कळदा मूळ पुस्तकातील त्याच्याच अर्धुकाला परत चिकटवी, आणि नव्या मालकाच्या नावे नवे भागपत्र लिहिले जाई. रद्द झालेला कागद म्हणजे त्या दिवशी बँक जिवंत होती याची साक्ष. भरलेला, सही केलेला आणि तरीही नितळ राहिलेला कागद म्हणजे शेवटच्या मालकाला तो परत करण्यासाठी खिडकीच उरली नव्हती, हीच शक्यता अधिक.

३/
असे कागद जमवण्याच्या छंदाला ‘स्क्रिपोफिली’ म्हणतात. ‘स्क्रिप’ म्हणजे भागाचा कागद आणि ‘फिलिया’ हा ग्रीक शब्द प्रेमाचा. हे नाव १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये रूढ झाले. भारतात १९९६ पासून समभाग डीमॅट होऊ लागले आणि एका पिढीने कागदी शेअर पाहिलाच नाही. त्या पिढीला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे की रद्द झालेल्या कागदात पाहण्याजोगे काय असते? आरंभीच्या अमेरिकी बँकांपुरते उत्तर असे : एका नव्या प्रजासत्ताकात पैसा कोणाच्या हाती असावा, याचे संपूर्ण भांडण त्यात असते.

४/
प्रारंभ १७८१ मध्ये. स्वातंत्र्ययुद्ध चालू आहे. काँग्रेसने छापलेले ‘कॉन्टिनेंटल’ कागदी डॉलर इतके घसरले आहेत की त्यांचे नावच कवडीमोल वस्तूसाठी वाक्प्रचार बनले आहे. सैन्याला पगार नाही, पुरवठादारांना विश्वास नाही. अर्थव्यवहाराची सूत्रे फिलाडेल्फियाचे व्यापारी रॉबर्ट मॉरिस यांच्याकडे येतात. त्यांच्या आग्रहाने ३१ डिसेंबर १७८१ रोजी काँग्रेस ‘बँक ऑफ नॉर्थ अमेरिका’ला सनद देते आणि ७ जानेवारी १७८२ रोजी बँक दार उघडते.

५/
ठरलेले भांडवल ४ लाख डॉलर. प्रत्येकी ४०० डॉलरचे १,००० समभाग. एका समभागाची किंमत मजुराच्या वर्षभराच्या कमाईहून अधिक होती. खासगी लोकांकडून जमले जेमतेम ७० हजार डॉलर. मग मॉरिस यांनी फ्रान्सकडून कर्जाऊ मिळालेल्या चांदीकडे पाहिले. ती बोस्टनच्या बंदरात उतरली होती आणि बैलगाड्यांतून फिलाडेल्फियाला आणली गेली होती. तिच्यातील सुमारे अडीच लाख डॉलरचे समभाग सरकारच्या नावे घेण्यात आले. म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या बँकेचा सर्वांत मोठा भागधारक होता एक कर्जबाजारी देश, आणि त्याचा पैसाही उसनाच होता.

६/
१७८५ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेने बँकेची राज्याने दिलेली सनद रद्द केली. आक्षेप असा की मूठभर धनिकांच्या हाती अशी सत्ता देणे लोकराज्याला घातक आहे. बँकेच्या बाजूने १७८६ मध्ये एक पुस्तिका लिहिली गेली. लेखक होते टॉमस पेन, ज्यांच्या ‘राइट्स ऑफ मॅन’ या ग्रंथाचा पुढे महात्मा फुले यांच्या विचारांवर खोल परिणाम झाला. राजाविरुद्ध लेखणी चालवणारा हा माणूस बँकेचा कैवार घेतो, याचे त्या काळीही अनेकांना आश्चर्य वाटले. पेन यांचा मुद्दा कराराचा होता : दिलेले वचन सत्ताधारी बहुमताने मोडू लागले, तर कोणाचाच हक्क सुरक्षित राहणार नाही. १७८७ मध्ये सनद परत मिळाली, पण अधिक कडक अटींसह.

७/
या पहिल्या काळातील भागपत्रे दिसायला साधी असतात. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या काही ओळी. मालकाचे नाव, समभागांची संख्या आणि तारीख हाताने भरलेली. खाली अध्यक्षाची आणि रोखपालाची सही. अनेकांच्या डाव्या कडेला नक्षीची एक पट्टी असते आणि कागद त्या पट्टीतूनच वेडावाकडा कापलेला असतो. हा निष्काळजीपणा नव्हे. उरलेली अर्धी नक्षी बँकेच्या पुस्तकात राही आणि दोन्ही कडा जुळल्या तरच कागद खरा मानला जाई. नागमोडी काप हे त्या काळाचे सुरक्षाचिन्ह होते.

८/
१७८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘बँक ऑफ न्यूयॉर्क’ आणि बोस्टनमध्ये ‘मॅसॅच्युसेट्स बँक’ सुरू झाली. न्यूयॉर्कच्या बँकेची घटना अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी लिहिली. तिच्यातील मतदानाचा नियम पाहण्यासारखा आहे. पहिल्या चार समभागांना प्रत्येकी एक मत. पण दहा समभाग असणाऱ्याला केवळ सात मते, आणि त्यापुढे दर पाच समभागांमागे एक. जितका पैसा तितकी सत्ता, हे तत्त्व तेव्हा गृहीत धरलेले नव्हते. मोठ्या भागधारकाला आवर घालायला हवा, ही भावना बँकांच्या बाजूच्या लोकांतही होती.

९/
२५ फेब्रुवारी १७९१ रोजी राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी ‘बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’च्या कायद्यावर सही केली. कल्पना हॅमिल्टन यांची. जेफर्सन आणि मॅडिसन यांचा कडवा विरोध. भांडवल १ कोटी डॉलर, ४०० डॉलरचे २५,००० समभाग. त्यांतील ५,००० सरकारचे, उरलेले २०,००० जनतेसाठी. समभागाची तीन चतुर्थांश रक्कम सरकारी कर्जरोख्यांत भरता येणार होती. यातच हॅमिल्टन यांची चतुराई होती. काल ज्या रोख्यांना कोणी हात लावत नव्हते, ते आज बँकेचे मालक होण्याचे साधन बनले.

१०/
४ जुलै १७९१, स्वातंत्र्यदिन. फिलाडेल्फियात विक्री उघडली आणि तासाभरातच सारे समभाग संपले. सुरुवातीला फक्त २५ डॉलर भरायचे होते. त्या बदल्यात मिळे एक तात्पुरता कागद, ‘स्क्रिप’. तो धारण करणाऱ्याला उरलेले हप्ते भरून पूर्ण समभाग घेण्याचा हक्क होता. छंदाच्या नावातील ‘स्क्रिप’ हाच. लोकांनी हप्त्यांची वाट पाहिली नाही. त्या कागदाचीच खरेदीविक्री सुरू झाली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत २५ डॉलरच्या स्क्रिपचा भाव अडीचशे डॉलरच्या वर गेला होता.

११/
मग भाव कोसळला. व्यापाऱ्यांनी उधारी आखडली, खरेदीदार पळू लागले. हॅमिल्टन यांनी बँक ऑफ न्यूयॉर्कचे रोखपाल विल्यम सीटन यांच्यामार्फत सरकारी कर्जरोखे बाजारातून विकत घेण्यास सुरुवात केली, आणि बाजार सावरला. संकटकाळी सरकारने बाजारात उतरून रोखे घ्यावेत, ही आज परिचित असलेली युक्ती अमेरिकेत प्रथम वापरली गेली ती अशी, एका बँकेच्या समभागांच्या वेडापायी.

१२/
पण वेड शमले नव्हते. अर्थखात्यात हॅमिल्टन यांचे साहाय्यक राहिलेले विल्यम ड्यूअर यांनी बँकांचे समभाग आणि सरकारी रोखे यांचा साठा करण्याचा डाव मांडला. त्यासाठी त्यांनी दुकानदारांपासून विधवांपर्यंत अनेकांकडून चढ्या व्याजाने पैसे उचलले. मार्च १७९२ मध्ये त्यांचे दिवाळे वाजले. ते कर्जदारांच्या तुरुंगात गेले आणि १७९९ मध्ये कैदी म्हणूनच वारले. १७ मे १७९२ रोजी न्यूयॉर्कच्या २४ दलालांनी आपसात व्यवहाराचे नियम ठरवून करार केला. ‘बटनवुड करार’ या नावाने ओळखला जाणारा तो कागद हे न्यूयॉर्क शेअर बाजाराचे मूळ.

१३/
बँक मात्र उत्तम चालली. तिचे समभाग युरोपात विकले गेले. सरकारने आपला शेवटचा हिस्सा, २,२२० समभाग, १८०२ मध्ये लंडनच्या बेअरिंग घराण्याला विकला. १८११ मध्ये सनदेची मुदत संपत आली, तेव्हा २५,००० पैकी सुमारे १८,००० समभाग परदेशी हातांत होते. परदेशात राहणाऱ्या भागधारकाला प्रतिनिधीमार्फत मत देण्याचा अधिकारच नव्हता. तरीही ‘परक्यांची बँक’ हा आरोप चिकटला. नूतनीकरण प्रतिनिधिगृहात एका मताने फसले. सिनेटमध्ये समसमान मते पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज क्लिंटन यांनी निर्णायक मत विरोधात टाकले.

१४/
ही बँक मेली, पण बुडाली नाही. हिशेब मिटवून भागधारकांना त्यांचे पैसे परत मिळाले. पैसे घेताना भागपत्रे जमा करावी लागली. म्हणूनच हे कागद आज अतिदुर्मीळ आहेत. सचोटीने कारभार आवरणारी बँक संग्राहकांसाठी फारसे काही मागे ठेवत नाही. तिची संगमरवरी दर्शनी भागाची इमारत स्टीफन गिरार्ड या व्यापाऱ्याने विकत घेतली आणि १८१२ मध्ये तेथेच स्वतःची खासगी बँक उघडली.

१५/
दरम्यान न्यूयॉर्कमध्ये एक विलक्षण ‘पाणीपुरवठा कंपनी’ जन्मली होती. शहर पीतज्वराने हैराण होते. स्वच्छ पाणी हवे, हे सर्वांना मान्य होते. एरन बर यांनी १७९९ मध्ये ‘मॅनहॅटन कंपनी’ची सनद मिळवली. भांडवल २० लाख डॉलर, समभाग ५० डॉलरचा. सनदेत शेवटी एक निरुपद्रवी वाटणारे कलम होते : पाण्याच्या कामातून उरलेले भांडवल कंपनीला अन्य आर्थिक व्यवहारांत गुंतवता येईल. उरलेले भांडवल म्हणजे जवळपास सगळेच.

१६/
त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने वॉल स्ट्रीटवर बँक उघडली. पाण्यासाठी पोखरलेल्या पाइन लाकडाच्या नळ्या पुरल्या गेल्या. पाणी अपुरे आणि तक्रारींचे राहिले. योजनेला आरंभी पाठिंबा देणारे हॅमिल्टन फसवले गेले, कारण शहरातील बँकिंगवर तोवर त्यांच्या पक्षाचे वर्चस्व होते. १८०४ च्या द्वंद्वात बर यांच्या गोळीने हॅमिल्टन मरण पावले. त्या वैराच्या अनेक धाग्यांपैकी हा एक. १९५५ मध्ये ही संस्था चेस नॅशनल बँकेशी एकरूप झाली. मॅनहॅटन कंपनीचे जुने भागपत्र हाती आले की नावात ‘बँक’ शब्द शोधूनही सापडत नाही, त्यामागे ही कथा आहे.

१७/
१८१२ च्या युद्धाने सरकारी तिजोरी रिकामी केली आणि बँकेचे विरोधकच नवी बँक मागू लागले. १८१६ मध्ये दुसऱ्या ‘बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ला सनद मिळाली. भांडवल ३ कोटी ५० लाख डॉलर; १०० डॉलरचे ३ लाख ५० हजार समभाग, पाचवा हिस्सा सरकारचा. समभाग आता स्वस्त होता, मालकी पसरावी हा हेतू होता. तरी विक्रीच्या अखेरीस सुमारे ३० लाख डॉलरचे समभाग पडून राहिले. ते सारे एकट्या गिरार्ड यांनी उचलले.

१८/
नियम असा होता की कोणाही एका भागधारकाला ३० हून अधिक मते नसावीत. बाल्टिमोरच्या मंडळींनी पळवाट काढली. शेकडो वेगवेगळ्या नावांवर एकेक समभाग घ्यायचा आणि त्या साऱ्यांचे मुखत्यारपत्र स्वतःच्या खिशात ठेवायचे. मते मिळाली, बाल्टिमोर शाखा हाती आली, आणि समभागांच्याच तारणावर बेसुमार उचल झाली. शाखेचे नुकसान दहा लाख डॉलरहून अधिक निघाले. या टोळीत शाखेचा रोखपाल जेम्स मॅककलक होता. ‘मॅककलक विरुद्ध मेरिलँड’ या १८१९ च्या निवाड्याने बँक स्थापण्याचा संघराज्याचा अधिकार कायम केला. कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी ज्याचे नाव घेतो तो हाच रोखपाल.

१९/
१८२३ पासून अध्यक्षपदी आले निकोलस बिडल, विद्वान आणि अभिमानी गृहस्थ. फिलाडेल्फियात विल्यम स्ट्रिकलंड यांनी पार्थेनॉनच्या धर्तीवर उभारलेली बँकेची वास्तू १८२४ मध्ये पूर्ण झाली. पण राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना ती मक्तेदारीचे मंदिर वाटत होती. १० जुलै १८३२ रोजी त्यांनी नव्या सनदेवर नकाराधिकार वापरला. त्यांच्या संदेशात भागधारकांची यादीच आरोपपत्र बनली : ८० लाख डॉलरहून अधिक समभाग परदेशी लोकांकडे आहेत आणि उरलेले मुख्यतः काही शेकडा श्रीमंत नागरिकांकडे, मग लाभ कोणाचा?

२०/
१८३६ मध्ये राष्ट्रीय सनद संपली. सरकार आपला हिस्सा काढून घेऊन बाहेर पडले. बिडल यांनी पेनसिल्व्हेनिया राज्याची सनद घेऊन त्याच नावाने गाडा पुढे रेटला आणि १८३७ च्या मंदीनंतर कापसाचे भाव टिकवण्यासाठी प्रचंड खरेदी केली. तो जुगार उलटला. १८४१ मध्ये बँक कायमची बंद पडली. शंभर डॉलरचा समभाग काही डॉलरांवर आला आणि भागधारकांचे भांडवल मातीमोल झाले. ‘बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ हे नाव वाचून देशाची तिजोरीच पाठीशी आहे असे समजलेली अनेक घरे यात होरपळली.

२१/
त्याच बँकेच्या नावावर आणखी एक फसवणूक आजही चालू आहे. १५ डिसेंबर १८४० या तारखेची, ८८९४ क्रमांकाची १,००० डॉलरची नोट जगभर असंख्य घरांत ‘सापडते’. ती कृत्रिमरीत्या पिवळ्या केलेल्या कडक कागदावरील छापील प्रतिकृती आहे. सर्व प्रतींवर एकच क्रमांक असणे हाच तिचा कबुलीजबाब. नोट असो वा भागपत्र, पहिला प्रश्न एकच : क्रमांक आणि सही हाताने, शाईने लिहिलेली आहे की छापलेली?

२२/
१८२० नंतरची भागपत्रे अचानक देखणी होतात. मॅसॅच्युसेट्सच्या जेकब पर्किन्स यांनी पोलादी पत्र्यावरील कोरीवकामाची पद्धत विकसित केली. पत्रा झिजत नसे, आणि सूक्ष्म नक्षीची नक्कल करणे कठीण जाई. गरुड, जहाजे, धान्यदेवता, गिरण्या, पुढे आगगाड्या, अशी चित्रे आली. नोटा आणि भागपत्रे कोरणारे कारागीर एकच होते; १८५८ मध्ये अशा सात पेढ्या एकत्र येऊन ‘अमेरिकन बँक नोट कंपनी’ बनली. सौंदर्यामागे व्यवहार होता. ज्या देशात शेकडो बँका स्वतःच्या नोटा काढत, तेथे कागदाने विश्वास बसवावा लागे.

२३/
पण चित्रांच्या मागे कोण होते, हेही पाहावे लागते. लुइझियानामध्ये १८२० आणि १८३० च्या दशकांत मळेवाल्यांच्या बँका निघाल्या. ‘कन्सॉलिडेटेड असोसिएशन ऑफ द प्लँटर्स’ ही त्यांतील पहिली. तिचा भागधारक होण्यासाठी रोख रक्कम लागत नसे. मळेवाला आपली जमीन आणि आपल्या मालकीची गुलाम माणसे बँकेकडे गहाण टाकी, आणि त्या बदल्यात समभाग घेई. त्या गहाणांच्या बळावर काढलेले रोखे लंडनमध्ये विकले जात. कागदावर ‘समभाग’ लिहिलेले असे; त्याखाली माणसे तारण होती.

२४/
२००५ मध्ये जेपी मॉर्गन चेस या बँकेने जाहीर कबुली देऊन माफी मागितली : तिच्यात विलीन झालेल्या लुइझियानातील सिटिझन्स बँक आणि कॅनाल बँक यांनी १८३१ ते १८६५ या काळात सुमारे १३,००० गुलामांना तारण म्हणून स्वीकारले होते आणि कर्जे थकल्यावर सुमारे १,२५० माणसे बँकांच्या मालकीची झाली होती. ही माहिती बँकांच्या जुन्या दप्तरातून बाहेर आली. ते कागद रद्दीत गेले असते, तर ही माणसे मोजलीही गेली नसती. जुने बँकेचे कागद जपण्याचे याहून मोठे समर्थन नाही.

२५/
उत्तरेकडे वेगळा गोंधळ होता. १८३७ मध्ये मिशिगनने ठराविक अटी पूर्ण करणाऱ्या कोणालाही बँक काढण्याची मुभा दिली. तपासनीस येण्याआधी नाण्यांच्या पेट्या एका बँकेतून दुसरीकडे पोहोचत. काही पेट्यांत वरच्या थरात चांदी आणि खाली खिळे निघाले. अशा अल्पायुषी बँकांची नितळ, सुंदर भागपत्रे आजही मिळतात. पहिल्या टप्प्यात सांगितलेला नियम येथे तंतोतंत लागू पडतो.

२६/
यादवी युद्धाने चित्र पालटले. १८६२ पासून भागपत्रांवर महसुली तिकीट लावणे सक्तीचे झाले आणि १८७२ पर्यंत हा कर चालला. तिकिटावरून कागदाचा काळ ओळखता येतो. १८६३ आणि १८६४ च्या कायद्यांनी राष्ट्रीय बँका आल्या आणि त्यांच्या भागधारकांवर दुहेरी जबाबदारी पडली. बँक बुडाली तर गुंतवलेले शंभर डॉलर तर जातच, शिवाय ठेवीदारांसाठी आणखी शंभरापर्यंत भरावे लागत. घरातील पेटीत ठेवलेले भागपत्र एका रात्रीत मालमत्तेचे देणे होऊन बसे. बुडत्या बँकेचा समभाग वारशात आलेल्या विधवेलाही ही नोटीस चुकत नसे.

२७/
याच युद्धाने मुंबईही हलवली. अमेरिकी कापूस बंद पडताच लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबईचा कापूस लागू लागला, शहरात पैशाचा पूर आला आणि १८६४-६५ मध्ये शेअरांचे वेड उसळले. बॅकबे रेक्लमेशनच्या ५,००० रुपयांच्या समभागाचा भाव ५० हजारांच्या घरात गेला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस पडला. समभागांच्याच तारणावर मुक्त हस्ते कर्जे दिलेली, १८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. बाल्टिमोरमध्ये १८१८ च्या सुमारास जे घडले, तेच अर्ध्या शतकानंतर मुंबईत घडले.

२८/
नावाच्या सापळ्याचे शेवटचे उदाहरण. १९१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक खासगी बँक निघाली : ‘बँक ऑफ युनायटेड स्टेट्स’. फक्त ‘द’ गाळलेला. नव्याने आलेल्या स्थलांतरितांना ती सरकारी वाटे. ११ डिसेंबर १९३० रोजी ती बंद पडली आणि समभागामागे २५ डॉलर अधिक भरण्याची मागणी भागधारकांकडे आली. हिची भागपत्रे बाजारात सहज आढळतात. वॉशिंग्टन-हॅमिल्टन यांच्या काळाचा कागद समजून ती घेणारे संग्राहक आजही फसतात.

२९/
अशा कागदाचे वाचन कसे करावे? आधी नाव आणि सनदेचे राज्य, मग क्रमांक, तारीख, कोरणाऱ्या पेढीचे नाव, सह्या. त्यानंतर कागद उलटावा. मागे हस्तांतराचा मजकूर असतो : कोणी, कोणाला, केव्हा विकले, मुखत्यार कोण, साक्षीदार कोण. पुष्कळदा समोरच्या चित्रापेक्षा मागची ओळ अधिक बोलते. जपणुकीचे नियम थोडे आहेत. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, उन्हात टांगू नये. चिंध्यांपासून केलेला जुना कागद दोनशे वर्षे टिकतो. लाकडाच्या लगद्याचा नंतरचा कागद आधी ठिसूळ होतो.

३०/
एक वाईट प्रथाही या छंदाशी जोडलेली आहे. प्रसिद्ध माणसाच्या सहीसाठी भागपत्राचा तेवढाच तुकडा कापून विकणे. सही उरते, पण कोणत्या दिवशी, किती समभागांसाठी, कोणाच्या नावे, हे सारे नाहीसे होते. मॉरिस यांच्याच सहीचे पाहावे. पहिल्या बँकेचा हा शिल्पकार पुढे जमिनींच्या सट्ट्यात बुडाला आणि १७९८ ते १८०१ कर्जदारांच्या तुरुंगात राहिला. त्यांची सही आज अधिक करून आढळते ती त्यांच्या ‘नॉर्थ अमेरिकन लँड कंपनी’च्या भागपत्रांवर. केवळ सही पाहणाऱ्याला तीत राष्ट्राचा अर्थमंत्री दिसेल. संपूर्ण कागद पाहणाऱ्याला तो माणूस कोठे घसरला तेही दिसेल.

३१/
बँक ऑफ नॉर्थ अमेरिकाची दप्तरे आज फिलाडेल्फियाच्या हिस्टॉरिकल सोसायटी ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये आहेत. विलीनीकरणांच्या साखळीतून ती बँक अखेर वेल्स फार्गोमध्ये सामावली. हॅमिल्टन यांनी जिची घटना लिहिली ती बँक ऑफ न्यूयॉर्क ‘बीएनवाय’ या नावाने आजही चालू आहे. त्यांचे रद्द झालेले, छिद्रे पडलेले कागद त्या सातत्याची खूण आहेत. आणि १८४१ चा नितळ कागद? त्याच्या मालकाने तो का जपून ठेवला असेल, हे सांगायला आता कोणी नाही. पैसे परत मिळतील या आशेने तो घडी घालून ठेवला गेला, आणि आशा संपल्यावरही कोणी तो फाडला नाही, एवढेच त्या कागदाकडे पाहून म्हणता येते.